दोरीला हात लावण्याची पात्रता

मी आयुष्यात लिहिलेल्या असंख्य अर्जांपैकी ज्याची सरकारदरबारी शब्दशः अंमलबजावणी झाली असा अर्ज एकच, आणि तो मला स्वतःच धावाधाव करून रद्द करवून घ्यावा लागला. ही हकीकत लिहून ठेवणे आवश्यक झाले आहे, कारण वाडीत ती आता निरनिराळ्या प्रकारांनी सांगितली जाते आणि प्रत्येक प्रकारात मी थोडा अधिक हास्यास्पद होत चाललो आहे. मूळ प्रकरणात मी पुरेसा हास्यास्पद होतो. त्यात भर घालण्याचे कारण नाही.

दिवाणी न्यायालयात मी नाझर होतो. समन्स बजावणे, जप्तीच्या हुकुमांची अंमलबजावणी करणे आणि या सर्वांच्या नोंदी ठेवणे, यांत माझी चौतीस वर्षे गेली. निवृत्तीनंतर तारकर्लीच्या पलीकडे असलेल्या आमच्या वाडीत, समुद्रापासून दोनशे पावलांवरच्या घरात मी पत्नीसह राहतो. दिवसाढवळ्या जळणारे रस्त्यावरचे दिवे, थांबा सोडून पुढे जाऊन थांबणारी एसटी, खोदून तसाच ठेवलेला चर, अशा विषयांवर मी पत्रे लिहितो. ती लिहिताना मला राग येतो, हे खरे. परंतु ज्या गोष्टींचा राग यावयास हवा त्यांचा कोणालाच येत नसेल, तर तो कोणीतरी आपल्याकडे घेणे भाग आहे.

ज्या अर्जाविषयी मी सांगतो आहे तो रापणीसंबंधी होता. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढावयाचे लांबच लांब जाळे. होडी एक दोर किनाऱ्यावर सोडून समुद्रात अर्धवर्तुळ घेते, जाळे टाकत जाते आणि दुसरा दोर घेऊन दूरवर किनाऱ्याला लागते. मग दोन्ही दोरांवर पंचवीस-तीस माणसे लागतात आणि ओढत ओढत दोन्ही रांगा एकमेकींकडे सरकत येतात. ज्याचा हात दोरीला लागला त्याला मासळीचा वाटा मिळतो, मग तो कोणीही असो. गेल्या हंगामात काही पर्यटक छायाचित्रांच्या हौसेने दोर ओढावयास आले आणि एका गृहस्थाचा पाय दोराच्या वेटोळ्यात अडकून तो चार हात वाळूतून फरफटला. त्याला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही आणि तो हसत उठला. मी हसलो नाही. उद्या कोणाचा पाय मोडला, तर जबाबदारी कोणाची? रापणीच्या तांडेलाला, म्हणजे तिच्या प्रमुखाला, मी हा प्रश्न विचारला. त्याने शांतपणे उत्तर दिले की जबाबदारी पायाची.

त्याच संध्याकाळी मी तीन पानी अर्ज लिहिला. त्यात पाच मागण्या होत्या. पैकी चौथी अशी की, "तद्अनुषंगाने, दोर ओढणारी व्यक्ती शारीरिक व मानसिकदृष्ट्या सक्षम असल्याची खात्री करण्यात यावी व तसा दाखला असल्याखेरीज कोणासही दोरीस हात लावू देऊ नये." हे वाक्य मी विचार करून लिहिलेले नव्हते. नेमणुकीच्या प्रत्येक कागदावर मी ते चौतीस वर्षे वाचत आलो होतो, ते सवयीने हातून उतरले. अर्ज ग्रामपंचायतीकडे गेला, उत्तर आले नाही, मी चार स्मरणपत्रे पाठवली आणि इतर विषयांकडे वळलो.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर माझी नात आमच्याकडे राहावयास आली. ती मुलीची मुलगी, घर कसालला. पुण्यास अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असताना तिने वर्गात जाणे सोडले, मग खानावळीत जाणे सोडले, मग खोलीबाहेर येणे सोडले. शेवटी तिच्या एका मैत्रिणीने तिला बसमध्ये घालून घरी आणून पोहोचवले. या गोष्टीचा माझा राग अद्याप शमलेला नाही. सहा आठवडे एक मुलगी कोठेच दिसत नाही आणि हजेरीपटावर 'गैरहजर' असे लिहिणाऱ्या हाताला एकदाही तिचे दार ठोठावावेसे वाटत नाही, ही व्यवस्था नव्हे.

शहरातल्या एका डॉक्टरीणबाईंचे औषध सुरू झाले आणि त्याचा गुणही येऊ लागला. अडचण कसालच्या घराची होती. घराच्या पुढल्या भागात जावयांचे दुकान, समोर महामार्ग, आणि काडेपेटी घ्यावयास येणारा माणूसही विचारी की मुलगी एवढ्यात कशी आली, परीक्षा झाली काय, पुढे काय करणार. जावयांची बांद्याची एक आतेबहीण तर खास चौकशीसाठी येऊन दोन दिवस राहिली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की जागा बदलून पाहा, आणि सकाळी घराबाहेर पडण्यास तिला काही निमित्त मिळाले तर उत्तम.

मी माझ्या परीने निमित्त शोधले. तिच्या महाविद्यालयास पाठवावयाच्या तक्रारीचा मसुदा तयार केला आणि तो तिला वाचून दाखवला. तिने तो शेवटपर्यंत ऐकून घेतला.

"आजोबानू, माका अर्ज नको," ती म्हणाली.

मग काय हवे, असे मी विचारले. ठाऊक नाही, असे ती म्हणाली. उत्तर प्रामाणिक होते. मी ते अपुरे मानले आणि मसुदा पुन्हा सुधारावयास बसलो.

निमित्त सापडले ते माझ्या पत्नीला, आणि तेही विशेष काही न करता. एके सकाळी तिने नातीच्या हाती टोपली दिली आणि रापणीवरून बांगडे आणावयास सांगितले. पोरगी वाळूवर जाऊन दोराच्या वाटेतच उभी राहिली. तांडेल ओरडला, "दोर धर गो बाय, नायतर बाजूक हो. मदी उबी रवू नको." बाजूला होण्यापेक्षा दोर धरणे तिला सोपे वाटले असावे. दोन तासांनी ती परत आली तेव्हा गुडघ्यांपर्यंत वाळू होती आणि टोपलीत आठ बांगडे होते. ते विकत घेतलेले नव्हते. तिचा वाटा होता. पत्नीने तिच्यादेखत ते साफ केले, तिरफळे घालून त्यांचे तिखले केले, आणि जेवताना ती मुलगी पुन्हा भात मागून घेताना मी पाहिली.

दुसऱ्या दिवशी तिला कोणी पाठवले नाही. ती आपणहून गेली, आणि मग रोजच जाऊ लागली.

त्या किनाऱ्यावर तांडेलाची एक शिस्त आहे. जाळे कडेला लागेपर्यंत जाळ्याव्यतिरिक्त काहीही बोलावयाचे नाही. कोण, कोठला, काय करतो, असे तर मुळीच विचारावयाचे नाही. यामागे काही श्रद्धा असावी असे मला वाटत होते, म्हणून मी एकदा कारण विचारले. तो म्हणाला, "इचारल्यार माणूस उत्तर दिता. आणि उत्तर दिताना हात ढिलो पडता." माझ्या नातीच्या बाबतीत एवढे नेमके निदान कोणी केले नव्हते, आणि तो तिच्याविषयी बोलतही नव्हता.

जेवणाच्या वेळी आम्हाला हळूहळू तिकडच्या बातम्या कळू लागल्या. दोरीवर तिच्या पुढे एक मुलगा असे, जहाजावरच्या नोकरीचे पत्र येईल म्हणून दोन वर्षे घरी बसलेला. मागे पोलीस भरतीत दोनदा मागे पडलेली एक मुलगी. त्यांच्याही घरी काडेपेटी न्यावयास माणसे येतच असणार. हे सारे माझ्या घरापासून दोनशे पावलांवर रोज सकाळी चालत होते आणि मी त्याकडे केवळ अपघाताची शक्यता म्हणून पाहत आलो होतो.

"माका पुणेकरीण म्हणतत," एके दिवशी नात म्हणाली.

मी तत्काळ विचारले की कोण म्हणतो. ती हसली. तक्रार करावयाची नव्हती, तिला ते आवडले होते, असे पत्नीने मला नंतर स्वयंपाकघरात नेऊन समजावले.

असे तीन आठवडे गेले. मग एका सकाळी फिरावयास निघालो असता किनाऱ्याच्या वाटेवर मला नवा कोरा फलक दिसला. पांढऱ्या पत्र्यावर लाल अक्षरे, आणि त्यावर माझ्या पाचही मागण्या क्रमवार. एक शब्द बदललेला नव्हता. मी तो उभ्याने दोनदा वाचला. तेवढा वेळ मला जो आनंद झाला तो मी लपवणार नाही. पंधरा वर्षे मी पत्रे लिहीत होतो, आणि आज प्रथमच कोणीतरी त्यांतले एक वाचले होते. मी जवळजवळ धावतच घरी आलो आणि अंगणातूनच पत्नीला बातमी देऊ लागलो.

ती चुलीपाशी उभी होती. तिने माझे बोलणे पूर्ण होऊ दिले नाही. "फलक फलक काय करतास? तो वाचूनच तां परत इला. दार लावन घेतल्यान."

मी नातीच्या दारापाशी गेलो आणि बाहेरून बोललो. मग आतून तिचा आवाज आला, रागावलेला नव्हे, केवळ दमलेला.

"तो तुमीच लिवलास, आजोबानू. 'तद्अनुषंगाने' ह्या गावात दुसऱ्या कोणाक येणा नाय."

मी कबूल केले.

"माझ्याकडे तसो दाखलो नाय. डॉक्टरीणबायकडे मागलंय तर ती उलटो लिवन दितली."

न्यायालयात मी अनेक घरांच्या दारांवर नोटिसा चिकटवल्या आहेत. आतल्या माणसांना काय वाटत असेल याचा विचार करणे माझ्या कामात येत नव्हते. त्या दिवशी मी आतल्या माणसाचा आजोबा होतो.

मी तडक तांडेलाकडे गेलो. त्याने फलक वाचलेलाच नव्हता. फलकाच्या कोपऱ्यावर त्याने आपला ओला सदरा वाळत घातला होता. दाखला बिखला आपण कोणाकडे मागितलेला नाही, मागणारही नाही, फलक सरकारचा आहे आणि दोर आमचा, असे त्याने सांगितले. मी ते जसेच्या तसे नातीला येऊन सांगितले. परंतु ती माझी नात आहे. लिहिले आहे ते लिहिले आहे, त्याकडे डोळेझाक करून आपण जाणार नाही, असे ती म्हणाली. तिच्या जागी मी असतो तर मीही नेमके हेच म्हटले असते, आणि म्हणून मला तिच्याशी वाद घालता येईना.

ग्रामपंचायतीच्या कार्यालयातील अधिकारी तरुण होता आणि सभ्य होता. माझा नवा अर्ज वाचून त्याने चष्मा काढला. "नाझरसाहेब, हा फलक लावावा म्हणून आपली चार स्मरणपत्रं आहेत. आता काढावा म्हणून किती येणार आहेत?" मी म्हणालो, आवश्यक तितकी. तो म्हणाला की फलक ठरावाने लागला आहे, तो बदलावयाचा तर विषय ग्रामसभेपुढे यावा लागेल. नियम बरोबर होता. मला तो बरोबर असल्याचा फार राग आला.

ग्रामसभा नऊ दिवसांनी होती. त्या नऊ दिवसांत नात किनाऱ्याकडे फिरकली नाही. पहिल्या तीन दिवसांतच ती भात पुन्हा मागेनाशी झाली, आणि मग जेवावयास उशिरा येऊ लागली. पत्नी मला काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरे झाले असते.

सभेत माझा विषय निघाला तेव्हा मागच्या बाकांवर हशा सुरू झालेलाच होता. स्वतःच्याच अर्जाविरुद्ध अपील करणारा मनुष्य वाडीने पूर्वी पाहिला नव्हता. रापणीवरची बहुतेक मंडळी हजर होती. मी चार पानी निवेदन लिहून नेले होते. पहिला परिच्छेद वाचला आणि कागद खाली ठेवला, कारण त्यात जे लिहिले होते ते सर्व खरे असूनही मला जे म्हणावयाचे होते ते त्यात नव्हते.

मी सांगितले की निवृत्तीनंतरचे पहिले वर्ष मला झोप येत नसे. रोज सकाळी इस्त्रीचा सदरा घालून मी फाटकापाशी येऊन बसत असे, कारण दहा वाजता कोठेतरी जाण्याची सवय होती आणि कोठे जावयाचे ते उरले नव्हते. हे वर्षभर चालले. वाडीतल्या सर्वांनी ते पाहिले आणि मोठेपणाने कोणी काही विचारले नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु माझ्या हाती कोणी दोरही दिला नाही, म्हणून मी लेखणी धरली.

"चौथ्या अटीप्रमाणे मी स्वतः अपात्र आहे," मी म्हणालो. "आपण मानसिकदृष्ट्या सक्षम असल्याचा दाखला ज्याच्याजवळ असेल, त्याने हात वर करावा. त्याच्यापुरती ही अट कायम ठेवण्यास माझी हरकत नाही."

मग तांडेल उठला.

"नाझरानू, असो दाखलो गावात कोणाकडे गावलो तर माका दाखवा. माझी बायल चाळीस वर्सां माझ्यासाठी सोदता."

त्याची बायको तिथेच बसलेली होती. ती म्हणाली की आपण आशा सोडून बरीच वर्षे झाली. त्यानंतर जो गदारोळ झाला त्यात ठराव केव्हा मंजूर झाला हे इतिवृत्तावरूनच समजावे. पाय वेटोळ्यात घालू नये, ही पहिली अट मी कायम ठेवून घेतली. ती योग्यच आहे. चौथी अट होडीच्या निळ्या रंगाने दुसऱ्याच दिवशी पुसण्यात आली.

मी घरी येऊन नातीला सर्व सांगितले. ठरावाची भाषा सांगितली, निळा रंग सांगितला, फाटकापाशी बसण्याचेही सांगितले, कारण ते तिने इतरांकडून ऐकावे असे मला वाटत नव्हते. तिने ऐकून घेतले. दुसऱ्या दिवशी ती गेली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. लिहिलेले पुसता येते एवढेच मला ठाऊक होते. वाचलेले कसे पुसावयाचे याची तरतूद कोणत्याही नियमात नाही.

चौथ्या दिवशी मी एकटाच किनाऱ्यावर गेलो. ती येत नाही, असे मी तांडेलाला सांगू लागलो.

"येतली तेवा येतली," तो माझ्याकडे न पाहता म्हणाला. "आज एक हात कमी आसा. तुमी धरा."

मी पंधरा वर्षांत प्रथमच दोरीला हात लावला. तिचे ओलेपण, तिचा खरखरीतपणा आणि तिचे वजन यांविषयी मी तीन पाने लिहिली होती, आणि त्यांतले एकही वाक्य खरे नव्हते. माझी पावले इतरांबरोबर पडत नव्हती. मागची पोलीस भरतीवाली मुलगी दोनदा माझ्या टाचेवर आदळली आणि दोन्ही वेळा 'पुढे' एवढेच म्हणाली. मला कोणी नाव विचारले नाही. सर्वांना ते ठाऊक होते म्हणा, परंतु दोन तास त्याचा उल्लेखही झाला नाही, आणि त्या दोन तासांत मला कोणाचाही राग आला नाही, हे घरी येताना माझ्या लक्षात आले.

घरी पत्नी माझ्या तळहातांना खोबरेल लावत होती. दोन्ही हातांना मिळून सहा फोड आले होते. नात दारात येऊन उभी राहिली आणि जवळ येऊन तिने माझे हात उलटे-सुलटे करून पाहिले.

"हातान खेचतास म्हणान फोड इले. दोर हातान ओढूचो नसता, पाठीन ओढूचो असता."

मी म्हणालो की मला हे कोणी सांगितले नाही.

"कोण सांगतलो? थंय बोलाक खंय दितत?" ती म्हणाली, आणि मग स्वयंपाकघरातील दाराच्या कडीला पंचा बांधून तिने मला प्रात्यक्षिक दाखवले. कोपरे अंगाशी धरावीत, टाच वाळूत रोवावी, आणि मागे झुकताना श्वास सोडावा. मी चुकलो. तिने पुन्हा दाखवले. मी परत चुकलो, आणि खरे सांगावयाचे तर त्या वेळी मुद्दाम चुकलो नव्हतो. पत्नी कडीकडे पाहत होती. कडी निघाली तर ती बसवून घेण्यासाठी कोणाला अर्ज करावयाचा, असे तिने विचारले.

दुसऱ्या दिवशी नात माझ्याबरोबर आली. आपण केवळ मला शिकवण्यापुरते येत आहोत, असे तिने वाटेत स्पष्ट केले. तांडेलाने तिला पाहिले आणि तिच्या न येण्याविषयी चकार शब्द काढला नाही. उलट माझे पाऊल चुकले तेव्हा तो माझ्यावर खेकसला, तशी ती त्याच्यावर उलटली. "ओरडतास कशाक? नवे आसत ते. शिकतले." रांगेत कोणीतरी खुसखुसले.

आता महिना होत आला. ती पूर्ण बरी झाली, असे मी लिहिणार नाही. तसा दाखला देण्याचा अधिकार माझा नाही. औषध चालू आहे. आठवड्यातून एखाद्या सकाळी तिचे दार उघडत नाही. त्या दिवशी मी एकटा जातो, कोणी काही विचारत नाही, आणि तिच्या वाट्याचे मासे तांडेलाची बायको माझ्या टोपलीत न बोलता घालते. नियमाप्रमाणे तो वाटा तिला मिळावयास नको. याविषयी मी कोणालाही पत्र लिहिलेले नाही.

काल सकाळी दोर निम्मा बाहेर आला असताना पलीकडची रांग मागे पडू लागली. तिकडे माणसे कमी होती. माझ्या पुढे असलेल्या नातीने मान वळवून तिकडे पाहिले, दोर सोडला आणि मला एक शब्दही न सांगता वाळूवरून धावत निघून गेली. क्षणभर मला संताप आला. अशी मध्येच जागा सोडणे हे कोणत्याही शिस्तीत बसत नाही. मग ती समोरच्या रांगेत अगदी पुढे, पाण्याजवळ, पोटरीभर फेसात टाच रोवून मागे झुकलेली दिसली. ती दोन्ही बाजूंच्या माणसांना मोठमोठ्याने काहीतरी सांगत होती आणि ती माणसे ऐकत होती.

जाळे जड होते. आम्ही ओढत गेलो तशा दोन्ही रांगा जवळ येत गेल्या.